ऑनलाइन फुटबॉल मॅनेजर गेममध्ये खेळाडूंशी लांब मुदतीचे करार नेमके कधी करावेत?

तुम्ही लिहिलंय की मित्रांसोबत फुटबॉल मॅनेजरची (प्रत्येकाने एकेक क्लब चालवायचा गेम) ऑनलाइन लीग सुरू केली आहे, इंग्लंडमधला दुसऱ्या स्तरावरचा क्लब घेतलाय, संघात पोरं तरुण आहेत. सगळ्यांना आत्ताच ५-५ वर्षांच्या करारात बांधून टाकावं, की प्रत्येकाचा करार संपत आला की तेव्हाचं तेव्हा बघावं?

मी दोन्ही करून बघितलंय आणि दोन्हींत हात पोळून घेतलेत. पहिल्या लीगमध्ये सरसकट ५ वर्षं वाटली. तिसऱ्या मोसमात पगाराचं बजेट अशा पोरांवर अडकलं होतं, ज्यांना फुकट द्यायला काढलं तरी कोणी घेईना. त्यांचा माझ्याकडचा पगारच इतका होता की दुसरीकडे कमी पैशांवर जायला ते तयार नव्हते. दुसऱ्या लीगमध्ये सगळं शेवटावर ठेवलं, तर खेळाडूच गेले. आता मी करार किती वर्षांचा यापेक्षा सही कोणत्या महिन्यात घेतोय याचा जास्त विचार करतो.

यामागचं गणित सोपं आहे. एजंट जो आकडा सांगतो तो खेळाडूच्या आजवरच्या नावावरून, संघातल्या त्याच्या स्थानावरून आणि तुम्ही त्याला किती खेळवायचं कबूल करता त्यावरून येतो. पोरगा सुधारतोय हे तुम्हाला ट्रेनिंगच्या अहवालात आधी दिसतं. त्याचं नाव व्हायला वेळ लागतो. तुम्हाला कळलंय आणि एजंटला अजून कळलेलं नाही, एवढ्या फटीतच लांब करार स्वस्तात मिळतो.

माझा एक १९ वर्षांचा लेफ्ट बॅक (डाव्या बाजूचा बचावपटू) होता. आठवड्याला ९०० पाउंड पगार, कराराची दोन वर्षं बाकी. मुख्य लेफ्ट बॅक सप्टेंबरमध्ये जखमी झाला म्हणून नाइलाजाने याला उतरवलं. पहिल्या दोन सामन्यांत रडवलं त्याने. पण महिन्याभरात त्याचे पोझिशनिंग आणि स्टॅमिनाचे आकडे वर सरकताना दिसले. सहा सामने झाल्यावर, म्हणजे मुख्य खेळाडू परत यायच्या आतच, मी करार पुढे केला: ४ वर्षं, २,८०० पाउंड, आणि संघातला दर्जा 'नियमित खेळणारा' असा कबूल न करता एक पायरी खालचा. एजंटने थोडं ताणलं, सही झाली. मित्र म्हणाला, राखीव पोराला तिप्पट पगार देतोस, वेडा झालास. मोसम संपेपर्यंत त्याला देशाच्या २१ वर्षांखालच्या संघाचं बोलावणं आलं. त्याच मित्राकडे साधारण त्याच ताकदीचा एक पोरगा होता, त्याने मात्र बोलावणं येईपर्यंत वाट पाहिली. त्याच्या एजंटने ११ हजारांपासून बोलणी सुरू केली.

म्हणून पहिलं पदार्पण, राष्ट्रीय संघातली निवड, मोसमाअखेरचा एखादा पुरस्कार, यांच्या आधी सही. क्लब वरच्या लीगमध्ये जाणार असं फेब्रुवारीतच दिसू लागलं तर तेव्हाच उरका, कारण वर गेल्यावर क्लबचं नाव वाढतं आणि मागण्याही. फक्त तेव्हा 'पदोन्नती झाल्यास पगारवाढ' हे कलम आत आहे का ते बघा, नाहीतर तुम्ही वाचवलेले पैसे तिथूनच जातील. उलट, खाली घसरल्यास पगारकपात हे कलम घालायचा प्रयत्न नेहमी करा. आपण घसरणार नाही असं सगळ्यांनाच वाटत असतं.

आता दुसरी बाजू, उशीर. बहुतेक करार ३० जूनला संपतात आणि शेवटच्या ६ महिन्यांत परदेशी क्लब खेळाडूशी थेट बोलू शकतो. ही गेमवाल्यांनी काढलेली भानगड नाही. १९९५ च्या डिसेंबरमध्ये युरोपियन न्यायालयाने बोस्मन खटल्यात करार संपलेल्या खेळाडूसाठी जुन्या क्लबला पैसे मागता येणार नाहीत असा निकाल दिला, आणि फिफाच्या नियमांतही शेवटच्या ६ महिन्यांत दुसऱ्या क्लबशी करार करायची मुभा आहे. स्ट्रायकर लेवांडोव्स्कीने २०१४ च्या जानेवारीत बायर्न क्लबशी करार केला आणि उरलेला मोसम जुन्या डॉर्टमुंड क्लबकडूनच खेळला, वर त्या मोसमात २० गोल करून बुंडेसलिगात (जर्मनीच्या वरच्या लीगमध्ये) सगळ्यांत पुढेही राहिला. डॉर्टमुंडला एक पैसा मिळाला नाही.

एकट्याने खेळताना हे फार अंगावर येत नाही, कारण कॉम्प्युटरचे क्लब कधी झोपा काढतात. मित्र झोपत नाहीत. खेळाडू शोधायच्या स्क्रीनवर 'करार ६ महिन्यांत संपणारे' असा फिल्टर आहे आणि १ जानेवारीला लीगमधला प्रत्येक जण तोच लावून बसलेला असतो. माझा स्ट्रायकर नोव्हेंबरमध्ये मांडी धरून बाहेर बसला होता, म्हटलं बरा झाला की बघू. जर्मनीतला क्लब घेतलेल्या मित्राने गेममधल्या दोन जानेवारीला त्याला उचलला. पुढचे पाच महिने तो माझ्यासाठी गोल करत होता आणि प्रत्येक गोलनंतर चॅटमध्ये मित्राचा थँक्यू येत होता.

तेव्हापासून कराराचे १८ महिने उरले की मी बोलणी सुरू करतो आणि १२ महिने उरले की निर्णय घेतो: सही किंवा विक्री. शेवटच्या वर्षात शिरलं की बाजारभाव धाडकन पडतो, मग विकायचं म्हटलं तरी समोरचा हसतो. इंग्लंडमध्ये २४ च्या आतला खेळाडू करार संपवून तिथल्याच दुसऱ्या क्लबात गेला आणि तुम्ही त्याला चांगला नवा करार देऊ केला असेल, तर भरपाई मिळू शकते. पण तो आधार धरून बसू नका, परदेशी क्लबपुढे तो चालत नाही.

वयाबद्दल थोडक्यात. अकादमीतलं चांगलं पोरगं १७ चं होतं त्याच दिवशी व्यावसायिक करार पुढे करा, तारीख लिहून ठेवा. त्याआधी मोठा क्लब किरकोळ भरपाई देऊन घेऊन जातो. १८ च्या आत फिफाच्या नियमाने ३ वर्षांपेक्षा लांब करार होत नाही, त्यामुळे १९-२० ला पुन्हा बसावंच लागतं, आणि खरा लांब करार तेव्हाचा. २० ते २४ मध्ये ४-५ वर्षं बिनधास्त द्या. नाही फळला तरी मुदत बाकी असलेला तरुण खेळाडू विकला जातो. माझा गोंधळ नेहमी २८ ला होतो. तेव्हा खेळाडू सगळ्यांत भारी खेळत असतो, आयुष्यातला सगळ्यांत मोठा करार मागतो, आणि तुम्ही ५ वर्षं दिलीत तर त्याच्या ३३ व्या वर्षाचा पगार आज कबूल करता. विंगर, म्हणजे कडेने पळणारा आक्रमक, वेगावरच खेळतो, म्हणून त्याला मी ३ वर्षांच्या वर जात नाही. गोलकीपर उशिरापर्यंत टिकतो, त्याला देतो.

वार्षिक पगारवाढीच्या कलमाकडे लोक बघतच नाहीत. आठवड्याला १० हजार आणि दरवर्षी १० टक्के म्हटलं की निरुपद्रवी वाटतं. पाचव्या वर्षी तो १४,६४१ घेत असतो. लांब करारात हे कलम काढायला सुरुवातीला पगार थोडा वाढवून दिला तरी परवडतं. रिलीज क्लॉज, म्हणजे ठरलेली रक्कम कोणी दिली की तुम्हाला खेळाडू सोडावाच लागतो ते कलम, मित्रांच्या लीगमध्ये विषच आहे, रकमेचा आकडा सगळ्यांना पाठ असतो.

चेल्सीने २०२३ मध्ये ८-८ वर्षांचे करार केले, तसं आपणही करावं का, असंही तुम्ही विचारलंय. त्यांचा हेतू खरेदीची किंमत हिशोबात जास्त वर्षांवर पसरवायचा होता, आणि त्याच वर्षी युएफाने (युरोपच्या फुटबॉल संघटनेने) किंमत पसरवायची ही मुदत ५ वर्षांवर आणली. आपल्याला त्याचा काय उपयोग? त्यापेक्षा हे विचारा की तुमची लीग किती मोसम चालणार आहे. आमच्या बहुतेक लीग चौथ्या-पाचव्या मोसमात कुणाच्या तरी परीक्षेने किंवा लग्नाने बंद पडल्या. तुम्ही तिसऱ्या मोसमात असाल तर ५ वर्षांच्या करारातली शेवटची वर्षं भरायला तुम्ही असणारच नाही. तेव्हा मुदत सैल सोडा आणि त्या बदल्यात आठवड्याचा पगार खाली ओढा.

तिशीपुढच्यांना एक वर्ष, आणि पुढचं वर्ष वाढवायचा पर्याय क्लबच्या हातात. इथे एक कलम नीट वाचा: 'शेवटच्या मोसमात इतके लीग सामने खेळल्यास आपोआप एक वर्ष वाढ'. माझ्या ३४ वर्षांच्या सेंटर बॅकच्या करारात २५ होते आणि मी विसरलो होतो. एप्रिलमध्ये आठवलं तेव्हा २४ झाले होते. त्याला बाकावर बसवला, दोन आठवड्यांत तो नाराज होऊन दारात आला, आणि कर्णधार तोच असल्यामुळे अर्धं ड्रेसिंग रूम त्याच्या मागे उभं राहिलं. शेवटच्या सामन्यात पदोन्नतीला एक गुण हवा होता. खेळवला त्याला, ०-० झाला. पुढचं सगळं वर्ष तो माझ्याकडे सगळ्यांत जास्त पगार घेणारा राखीव खेळाडू होता.