धावता वाघ्या आणि खिशातला कॅमेरा

प्रश्न : आमच्या वावरात राखणीला वाघ्या नावाचा कुत्रा आहे. वानरांचा कळप दिसला की तो धुऱ्यावरून, म्हणजे वावराच्या बांधावरून, असा काही सुटतो की पाहत राहावे. माझ्याकडे खिशात मावणारा साधा डिजिटल कॅमेरा आहे. परंतु बटण दाबले की वाघ्या एकतर पुसट येतो, नाही तर नुसती शेपटी येते, आणि कित्येकदा रिकामा धुराच येतो. महागडा कॅमेरा घेणे शक्य नाही. याच कॅमेऱ्याने काही साधेल काय?
— एक वाचक, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा

उत्तर : साधेल. मात्र कुत्र्याच्या मागे कॅमेरा फिरवण्याची सवय आधी सोडावी लागेल. रिकाम्या धुऱ्यांची छायाचित्रे माझ्याही संग्रहात भरपूर आहेत, आणि ती सगळी त्याच सवयीची कमाई आहे.

थोडा हिशेब मांडून पाहू. कुत्रा ताशी 30 किलोमीटर वेगाने धावतो असे धरले, तर तो सेकंदाला 8 मीटरांहून थोडे अधिक अंतर कापतो. साधा कॅमेरा बटण दाबल्यावर आधी फोकस शोधतो आणि मग शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, उघडतो. या शोधाशोधीत अर्धा सेकंद गेला, तर तेवढ्यात वाघ्या 4 मीटर पुढे निघून गेलेला असतो. तेव्हा शेपटी तरी हाती लागली, हे नशीबच म्हणायचे. पुसटपणाचे कारण वेगळे आहे. शटर एका सेकंदाचा साठावा भाग उघडे राहिले, तर तेवढ्या वेळात कुत्रा सुमारे 14 सेंटिमीटर सरकतो. हजारावा भाग उघडे राहिले, तर जेमतेम 8 मिलिमीटर. पहिल्या अडचणीवरचा उपाय आपल्या बोटात आहे, दुसरीवरचा उजेडात.

बोटाचे आधी सांगतो, कारण खरी मेख तिथेच आहे. वाघ्या ज्या धुऱ्यावरून धावतो, त्यावरचा एखादा दगड किंवा पऱ्हाटीचे खुंट हेरून ठेवा. आपण धुऱ्याच्या खाली, वावरात, त्या दगडापासून चार-पाच मीटरांवर उकिडवे बसा. त्यामुळे कॅमेरा आपोआप कुत्र्याच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा किंचित खाली येतो आणि त्याच्यामागे तुरीच्या गर्दीऐवजी मोकळे आभाळ मिळते. दगडावर नेम धरून बटण अर्धेच दाबा. पडद्यावर हिरवी चौकट आली, की फोकस तिथे बांधला गेला. आता बोट न उचलता तसेच थांबा. घरातल्या कोणाला तरी धुऱ्याच्या दुसऱ्या टोकाला भाकरीचा तुकडा घेऊन उभे करा आणि ‘यू यू’ म्हणून हाक मारायला सांगा. वाघ्याचे नाक दगडापासून दोन हात अलीकडे असतानाच बटण पूर्ण दाबा, कारण फोकस आधीच झालेला असला तरी कॅमेरा थोडासा वेळ घेतोच, आणि सेकंदाच्या दहाव्या भागात कुत्रा तेवढे अंतर सहज कापतो. पहिल्या पाच-सहा खेपा फुकट जातील. भाकरी जरा जास्तच न्या.

1878 साली अमेरिकेत एडवर्ड मायब्रिज यांनी धावत्या घोड्याची जी प्रसिद्ध छायाचित्रे घेतली, त्यांतही कॅमेरे घोड्यामागे धावले नव्हते. ते एका रांगेत स्थिर मांडलेले होते, वाटेत दोरे ताणलेले होते, आणि घोडा आला की दोरा ओढला जाऊन शटर उघडत होते. चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असताना घोडा पूर्ण अधांतरी असतो, हे त्या चित्रांतून दिसले. भरधाव कुत्रा पाय पुढेमागे ताणलेले असतानाही जमीन सोडतो. हे दोन क्षण डोळ्यांना ओळखीचे होईपर्यंत कॅमेरा बाजूला ठेवून वाघ्याला नुसते धावताना पाहणेही उपयोगाचे ठरते.

आपल्या कॅमेऱ्यात सलग छायाचित्रे घेण्याची सोय असेल तर ती जरूर वापरा. पण बहुतेक साधे कॅमेरे पहिल्या चित्राच्या वेळी बांधलेला फोकसच पुढच्या चित्रांना लावतात. म्हणून कुत्रा सरळ आपल्या अंगावर धावून येत असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या चित्रापासून तो पुसट होत जातो, आणि आडवा धावत असेल तर अंतर फारसे न बदलल्याने निभावते.

आता उजेड. सोयाबीन निघून वावर मोकळे झाले, की सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान, सूर्य पाठीशी घेऊन बसावे. स्पोर्ट्स मोड असल्यास तो लावावा. नसल्यास आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची क्षमता, 400 वर ठेवावा, म्हणजे शटर वेगाने मिटते. चित्रात थोडे दाणे दिसतील, ते चालवून घ्यावे. झूम मात्र करू नये. पूर्ण झूम केल्यावर अनेक साध्या कॅमेऱ्यांच्या भिंगातून येणारा प्रकाश चौथाईवर येतो आणि शटर तितकेच मंदावते. शिवाय झूम न करता या छोट्या कॅमेऱ्यांत पुढचे-मागचे बरेच अंतर एकाच वेळी स्पष्ट येते. महागड्या कॅमेऱ्यांवर त्यांनी केलेली ही एक मात आहे, आणि फोकस हातभर चुकला तरी ती सांभाळून घेते.

आपल्याकडच्या काळ्या मातीने एक वेगळाच घोटाळा होतो. चौकटीत काळे रान जास्त असले, की कॅमेऱ्याला अंधार वाटतो. तो चित्र उजळतो आणि पांढरा कुत्रा चुन्याने पोतल्यासारखा दिसतो. अशा वेळी कॅमेऱ्यातले एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजळपणा कमी-जास्त करण्याची सोय, उणे दोन-तृतीयांशावर आणावे. काळा कुत्रा उजळ आभाळापुढे असेल तर उलट करावे, तेवढेच अधिक द्यावे. वाघ्याचा रंग आपण कळवलेला नाही.

एक विनंती. छायाचित्रासाठी त्याला रोह्यांवर किंवा रानडुकरांवर सोडू नका. जखमी होईल तो वाघ्याच. एप्रिल-मे महिन्यांत तर ऊन चढल्यावर त्याला पळवूच नये. कुत्र्याला आपल्यासारखा घाम सुटत नाही, मुख्यतः धापा टाकून तो अंग थंड करतो.

प्रश्न : संध्याकाळी अंगणात खेळणाऱ्या कुत्र्याचे फ्लॅश लावून छायाचित्र काढले, तर डोळे हिरवे चमकतात आणि मागचे सगळे काळे येते. काय करावे?
— एक वाचक, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ

उत्तर : कुत्र्याच्या डोळ्यांत मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा थर असतो, आणि साध्या कॅमेऱ्याचा फ्लॅश भिंगाला चिकटूनच असल्यामुळे तो प्रकाश थेट भिंगात येतो. फ्लॅशचा पल्लाही साधारण तीन मीटरांचा, म्हणून मागचा गोठा अंधारात राहतो. कुत्रा कॅमेऱ्याकडे न पाहता बाजूला पाहत असेल तेव्हा बटण दाबल्यास डोळे चमकत नाहीत. फ्लॅश बंद करून अंगणातल्या बल्बाच्या उजेडात धावता कुत्रा या कॅमेऱ्याने स्पष्ट येणार नाही. बसलेला येईल, तोही जेवण होऊन डोळे पेंगायला लागल्यावर, आणि कॅमेरा बाजेच्या माचव्यावर टेकवलेला असेल तर.