मोठ्या डब्यातलं थिनर छोट्या बाटलीत भरताना दरवेळी सांडतं. सुरक्षितपणे कसं भरावं?

तुम्ही लिहिलंय की मॉडेल रंगवण्यासाठी थिनरचा ५ लिटरचा डबा आणलाय, लागेल तसं छोट्या बाटलीत काढता, पण डबा वाकवला की भकाभका येऊन टेबलभर होतं. बाटली काचेची घ्यावी की प्लास्टिकची, आणि ओतताना डबे तारेने जोडायचा सल्ला कितपत खरा, हेही विचारलंय.

सांडण्याचा उपाय सोपा आहे. चौकोनी पत्र्याच्या डब्याचं तोंड मधोमध नसतं, एका कडेला असतं. आपण सवयीने ती कड बाटलीकडे करतो आणि डबा वाकवतो. तोंड लगेच द्रवाने भरून जातं, हवेला आत जायला वाट राहत नाही. मग डबा थांबून थांबून हवा ओढतो आणि प्रत्येक ओढीला थिनर उसळतं. डबा फिरवून धरा. तोंड वरच्या कडेला राहील अशा बेताने तो हळूहळू आडवा करा. आता तोंडाच्या खालच्या भागातून द्रव येतो, वरच्या भागातून हवा आत जाते, आणि पेन्सिलीएवढी एकसंध धार पडते. पहिल्यांदा हे उलटं वाटतं, म्हणून तशाच एखाद्या रिकाम्या डब्यात पाणी भरून दोन-चार वेळा हात बसवून घ्या. भरलेला डबा हवेत पेलू नका, हात थरथरतो. डबा ओट्याच्या कडेवर टेकवा आणि बाटली खाली, रुंद ट्रेमध्ये ठेवा.

मला खरी काळजी वाटते ती वाफेची, कारण ती दिसत नाही. थिनरमध्ये बहुधा टोल्युइन, अ‍ॅसिटोन असली द्रव्यं असतात. अ‍ॅसिटोनची वाफ उणे २० अंशांपासूनच पेट घेऊ शकते, टोल्युइनची साधारण ४ अंशांपासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलची १२ अंशांच्या आसपास. म्हणजे नेहमीच्या खोलीत ही तिन्ही कायम पेटायच्या तयारीत असतात. मिनरल टर्पेंटाइनला साधारण ३५ ते ४० अंश लागतात, त्यामुळे ते त्यातल्या त्यात सोसणारं, पण कडक उन्हात तापलेल्या डब्याला तेवढी सवलत देऊ नका. या वाफा हवेपेक्षा जड असतात. अ‍ॅसिटोनची वाफ हवेच्या दुप्पट, टोल्युइनची तिप्पट. त्या वर जात नाहीत, जमिनीलगत पसरतात आणि दाराखालून शेजारच्या खोलीतल्या गॅसच्या ज्योतीपर्यंत पोचतात. तिकडे पेटलं तर आग त्याच वाटेने तुमच्या हातातल्या डब्यापर्यंत परत येते. म्हणून हे काम गच्चीवर किंवा मोकळ्या अंगणात, जवळ ज्योत, सिगारेट, चालू मोटर काहीही नसताना करा. घरातच करावं लागलं तर समोरासमोरची दारं-खिडक्या उघडा. आणि बाटलीवर तोंड आणून वाकू नका. ती भरत असताना आतली वाफेने भरलेली हवा नेमकी तिथूनच बाहेर ढकलली जाते. धुळीचा मास्क इथे कामाचा नाही.

आता तारेचं. टोल्युइन, टर्पेंटाइन यांसारखे द्रव विजेचे फार कच्चे वाहक आहेत. धार पडताना तयार झालेला विद्युतभार त्यांच्यात साठून राहतो आणि दोन भांड्यांमध्ये ठिणगी पडू शकते. दोन्ही भांडी धातूची असतील तर ती तारेने जरूर जोडा, आणि चिमटा लावाल तिथला रंग खरवडून उघडा पत्रा काढा, नाहीतर जोडणी नावापुरतीच राहते. बाटली काचेची किंवा प्लास्टिकची असेल तर तिला तार लावून काही साधत नाही. तिथे धातूचं, लांब दांडीचं नरसाळं घ्या, दांडी तळाजवळ पोचू द्या, नरसाळं डब्याच्या तोंडाला टेकलेलं ठेवा आणि संथ ओता. उंचावरून धार सोडू नका.

बाटलीच्या बाबतीत मी एकदा धडा घेतलाय. अ‍ॅसिटोन घाईत एका पारदर्शक, कडक प्लास्टिकच्या पेल्यात ओतलं. मिनिटभरात तळ मऊ पडला, पेला एका बाजूला बसला आणि सगळं टेबलावर पसरलं. तो पेला पॉलिस्टायरीनचा होता, आणि अ‍ॅसिटोनमध्ये पॉलिस्टायरीन विरघळतं. दुधी रंगाची जाड एचडीपीई (घट्ट पॉलिथिन प्लास्टिकची) बाटली अ‍ॅसिटोन आणि अल्कोहोलला चालते, पण टोल्युइन तिच्यातून हळूहळू झिरपतं आणि ती फुगते. थिनरसाठी मी काचेची गडद बाटली वापरतो, झाकणाच्या आत टेफ्लॉनची चकती असलेली. रबरी फुग्याचा ड्रॉपर लावून ठेवू नका, नुसत्या वाफेनेही तो फुगून चिकट होतो. बाटली गच्च भरू नका, दहावा भाग रिकामा सोडा. १० अंश तापमान वाढलं की अ‍ॅसिटोन जवळजवळ दीड टक्का फुगतं.

डोळ्यांना चष्मा हवाच, एक थेंबही पुरे होतो. नायट्राइलचे (एका कृत्रिम रबराचे) पातळ हातमोजे टर्पेंटाइनला ठीक, पण अ‍ॅसिटोन काही मिनिटांतच त्यांच्यातून पार होतं. ओले झाले की लगेच काढा. तोंडाने नळी ओढून थिनर काढायचं मात्र कधीही, अगदी कधीही नाही. एक घोट चुकून फुप्फुसात गेला तर जिवावर बेतू शकतं. कुणाच्या पोटात गेलंच तर उलटी करवू नका, थेट दवाखान्यात न्या आणि डबा सोबत घ्या.

पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत हे भरू नका, दोन दिवसांसाठीसुद्धा नाही. नाव आणि तारीख बाटली भरायच्या आधी लिहा, कागदावर पेन्सिलीने, आणि वरून पारदर्शक चिकटपट्टी लावा. मार्करची शाई थिनरचा एक ओघळ आला की पुसली जाते.

आठवड्याला लागेल तेवढंच काढा. उरलेलं वापरलेलं थिनर मोठ्या डब्यात परत ओतू नका, वेगळ्या बाटलीत ठेवा. रंग खाली बसला की वरचं स्वच्छ थिनर ब्रश धुवायला येतं. डबा संपला तरी त्यात वाफ भरलेली असते आणि ठिणगीला ती भरल्या डब्यापेक्षा लवकर पेटते. तो कापायला, झाळायला किंवा शेगडीजवळ ठेवायला घेऊ नका.