राजकारण आणि कोर्टाच्या बातम्यांनी आपल्या रोजच्या जगण्यात खरंच काही फरक पडतो का?

तुम्ही प्रश्नात लिहिलंय की पक्ष फुटोत नाहीतर जुळोत, कोर्टात तारखा पडोत, तुमचं दूध-किराणा-लोकल काही थांबत नाही, म्हणून तुम्ही बातम्या बघणंच सोडलं. मीही सोडलं होतं. मग २०२५ च्या जानेवारीत आमच्या भागात धडधाकट माणसांच्या पायांतलं बळ जायला लागलं.

मी पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात राहतो. ३० जून २०२१ ला जी २३ गावं महापालिकेत घेतली त्यातलं आमचं एक. म्हणजे त्या दिवशी ग्रामपंचायत बरखास्त. नवा नगरसेवक मिळायचा तो २०२२ च्या निवडणुकीत. मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली, प्रशासक आले, आणि निवडणूक काही आली नाही.

का आली नाही, ते तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी खांदे उडवले असते. आता पाठ झालंय. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी आयोग नेमा, आकडेवारी गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या वर नेऊ नका. मग त्यासाठी राज्याने नेमलेला बांठिया आयोग, त्याचा अहवाल. तोवर सरकार बदललं. आधीच्या सरकारने एका प्रभागातून तीन नगरसेवक असं ठरवलं होतं, नव्याने ते परत चार केले. त्यावरही याचिका. ऑगस्ट २०२२ मध्ये कोर्टाने 'जैसे थे' आदेश दिला, म्हणजे निवडणूक जिथल्या तिथे थांबली. मुदत पाच आठवड्यांची होती म्हणे. पुढचा आदेश यायला मे २०२५ उजाडलं.

मी स्वतः ओबीसी आहे. आरक्षणाचा प्रश्न फालतू होता, असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. पण घटनेत सरळ लिहिलंय की मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, आणि ती वेळेत व्हावी म्हणून एकाही मोठ्या पक्षाने जीव टाकल्याचं मला दिसलं नाही. सगळ्यांचं बरं चाललं होतं.

'जैसे थे' कागदावरच राहतं हो. आमच्या गावात त्या काळात काहीच जैसे थे नव्हतं. जिथे भात लावायचे तिथे बारा मजली इमारती आल्या, बैलगाडीच्या रस्त्यावर सिमेंटचे मिक्सर आले. पाण्याची लाइन मात्र ग्रामपंचायतीच्या काळातलीच.

आधी आमच्याकडे पाणी खराब आलं की पद्धत ठरलेली होती. बाटली भरायची आणि अण्णांच्या ओट्यावर नेऊन ठेवायची. अण्णा म्हणजे ग्रामपंचायतीचे माजी सदस्य. भांडखोर माणूस, दोन एकर विकून गाडी घेतलेला, त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे गावात फार नाहीत. पण बाटली बघितली की पाणी सोडणाऱ्या पोराला बोलवून सगळ्यांदेखत झापायचे.

त्या जानेवारीत आईने नळाचं पाणी बाटलीत भरलं, मला म्हणाली, "चल माझ्याबरोबर." अण्णा चहा पीत बसले होते. बाटली उजेडाकडे धरून त्यांनी बराच वेळ बघितली. तळाला गाळाची रेघ होती.

"वहिनी, मला दाखवून आता काय उपयोग? मी कोण आता?"

"मग कुणाला दाखवू?"

अण्णांनी बाटली खाली ठेवली, झाकण नीट लावलं आणि आईसाठी चहा सांगितला. उत्तर नव्हतंच त्यांच्याकडे. एवढ्या वर्षांत मी त्या माणसाला गप्प बसलेलं पहिल्यांदा पाहिलं.

पुढचं तुम्ही बातम्या सोडल्या नसत्या तर वाचलं असतं. गुलेन बॅरे सिंड्रोम, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटते आणि हातपाय लुळे पडतात. संशयित रुग्ण २०० च्या वर गेले, त्यातले बरेच नांदेड (मराठवाड्यातलं नव्हे, इथलं गाव), किरकटवाडी, धायरी या आमच्याच पट्ट्यातले. केंद्राचं पथक आलं. मग सगळ्यांना कळलं की नांदेड गावच्या विहिरीत धरणाचं पाणी येतं आणि शुद्धीकरण केंद्रात न जाता नुसतं ब्लिचिंग टाकून घरोघरी जातं. अख्ख्या पुण्याला पाणी पाजणारं खडकवासला धरण आमच्या नाकासमोर! आमच्या मागच्या गल्लीतला एक कॉलेजचा पोरगा जिना उतरताना गुडघ्यांत मोडला, तीन आठवडे दवाखान्यात होता. आता चालतो, पण कठडा सोडत नाही.

नगरसेवक असता तर आजार आला नसता, असं मी म्हणत नाही. नगरसेवक काय दिवे लावतात हे पुणेकराला सांगायला नको. पण बाटली कुणाच्या तरी दारात आपटता आली असती. प्रशासकाला मत मागायला दारात यायचं नसतं. कोर्टातली प्रत्येक पुढची तारीख आमच्याकडून नेमकं तेवढंच काढून घेत होती, आणि मला वाटत होतं ती टीव्हीवरची भानगड आहे.

शेवटी १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. ग्रामपंचायत गेल्यापासून साडेचार वर्षांनी. आई सकाळी साडेसातलाच शाळेत रांगेत. चार सदस्यांचा प्रभाग, म्हणून चार मतं द्यायची, हे तिला मी आदल्या रात्री दोनदा समजावलं. ती म्हणाली, "चार कशाला? एकच द्या, पण उचलेल असा द्या." म्हणजे फोन. बाहेर आल्यावर बोटावर शाईच्या ऐवजी मार्करची रेघ बघून नाक मुरडलं. "ही तर भांडी घासली की जाईल."

निवडून आलेल्या चौघांतल्या एका बाईंचा नंबर आता आमच्या फ्रीजवर चिकटवलाय. आईने पहिला फोन पाण्यासाठी केलाच नाही, कोपऱ्यावरच्या कुत्र्यांसाठी केला. बाईंनी उचलला, "बघते काकू" म्हणाल्या. कुत्री अजून तिथेच आहेत. आई उद्या परत लावणार आहे.