अर्धं विणलंय, आता उसवू का?

विणकाम : वाचकांचे प्रश्न

ताई, देहरादूनला नोकरीला असलेल्या मुलासाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणायला घातलाय. त्याची छाती ३६ इंच. पुस्तकात तयार छाती ४० इंच येण्यासाठी पाठीला ११० टाके दिलेत, तेवढेच घातले. लोकर अ‍ॅक्रिलिक, सुया ८ नंबरच्या. पाठ ९ इंच झाली आणि आता फारच रुंद वाटतेय. घरी म्हणतात, धुतल्यावर आटेल. पुढे जाऊ की उसवू?
– एक वाचक, गुहागर

अ‍ॅक्रिलिक धुऊन आटत नाही. त्या भरवशावर एक ओळही पुढे जाऊ नका. पण नुसतं वाटतंय म्हणून उसवूही नका, आधी मोजा. सुईवर दाटीने गोळा झालेली वीण खरं तर अरुंद दिसते. तरीही तुम्हाला ती रुंद वाटतेय, म्हणजे शंकेला जागा आहे.

स्वेटर शिवायच्या बोथट सुईत वेगळ्या रंगाचा दीडएक मीटर दोरा ओवा आणि सगळे टाके त्यावर उतरवून घ्या. वीण टेबलावर किंवा फरशीवर न ताणता पसरा. गादीवर नको, ती दबते. पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. मग बॉर्डर आणि कडा सोडून मधल्या भागात बरोबर ४ इंचांवर दोन टाचण्या लावा आणि मधले टाके मोजा. अर्धा टाका आला तर तोही धरा. अशी तीन ठिकाणं मोजा.

पुस्तकाच्या हिशेबाने ११० टाक्यांत २० इंच, म्हणजे इंचाला साडेपाच आणि ४ इंचांत २२ टाके यायला हवेत. २२ आले तर निर्धास्त पुढे जा. २१ आले तर पाठ जवळजवळ २१ इंच आणि स्वेटर ४२ इंचांचा होईल. थंडीत शर्टावर घालायचा असल्याने मी तो ठेवीन. २० आले तर मात्र पाठ २२ इंच, स्वेटर ४४ इंचांचा. छत्तीसच्या छातीवर तो मुंढ्यापासून, म्हणजे हात घालायच्या जागेपासून, लोंबेल आणि शिवताना ते झाकता येणार नाही. तसं असेल तर आजच उसवा. ९ इंचांवर उसवणं सोपं आहे, गळा झाल्यावर जीव होत नाही.

काही जणी पाठ तशीच ठेवून पुढच्या भागाला ९० टाके घालतात. बेरीज ४० इंच जुळते, पण बाजूची शिवण पोटाकडे सरकते आणि पुढचे-मागचे खांदे जुळत नाहीत. ते करू नका.

आता असं का झालं ते शोधा, नाहीतर दुसऱ्यांदाही तेच होईल. सुईवर मिलिमीटरचा आकडा पाहा. आपल्याकडच्या जुन्या ब्रिटिश नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते : ८ नंबर ४ मिमी, ९ नंबर ३.७५, १० नंबर ३.२५. अमेरिकन नंबरांत उलट. तिथली ८ नंबरची सुई ५ मिमी जाड असते. हल्ली ऑनलाइन दोन्ही मिळतात आणि घोळ तिथेच होतो. सुई ४ मिमीच असेल तर तुमचा हात सैल आहे. मग ९ नंबरवर ३० टाक्यांचा, ५ इंच उंचीचा नमुना विणा आणि परत मोजा. नमुना एकाच बैठकीत संपवू नका. आपल्या दमट हवेत लोकर बोटांना चिकटते आणि हात घट्ट पडतो; पंख्याखाली तोच हात सैल येतो.

उसवलेली लोकर खुर्चीच्या पाठीवर गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा आणि कोमट पाण्यात भिजवून टॉवेलमध्ये दाबून घ्या. पंख्याखाली टांगली की वळ्या जातात. तशाच नागमोडी लोकरीने विणलं तर टाके लहानमोठे येतात. इस्त्री मात्र अजिबात नको. गरम वाफेने अ‍ॅक्रिलिक मलूल पडतं आणि पुन्हा कधी उसळत नाही.

इथे लोकर सोसवत नाही, म्हणून सुती दोऱ्याचा टॉप खालून वर विणतेय. २२ इंच लांबी हवी. टेबलावर १५ इंच भरतात, पण सुईला धरून उभा केला की १७. काय चुकतंय?
– एक वाचक, मालवण

तुमचं काही चुकलेलं नाही. लोकर ताणली तरी मूळ जागी येते. सुती दोऱ्याला ती उसळी नसते, शिवाय तो जड. स्वतःच्या वजनाने तो खाली उतरतो आणि उतरताना रुंदीला कमी होतो. म्हणून सुती कपड्याचं माप लटकवूनच घ्यायचं. टाके दोऱ्यावर घ्या, वरची कड कपड्याच्या चिमट्यांनी हँगरला सारख्या अंतरावर लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी लांबी आणि रुंदी दोन्ही टिपून घ्या.

१५ चे १७ होत असतील, तर अंगावर २२ इंच येण्यासाठी टेबलावर साडेएकोणीस पुरेत. वीण वाढेल तसं वजनही वाढतं, म्हणून १९ ला थांबून पुन्हा लटकवा. मुंढा कुठे सुरू करायचा तेही लटकवलेल्या मापावरूनच ठरवा. गळ्याची पट्टी दोन नंबर बारीक सुईने करा आणि खांद्याच्या शिवणीत अर्धा इंच रुंदीची सुती पट्टी घाला, म्हणजे खांदे ओघळणार नाहीत. धुतल्यावर दोरीवर टाकू नका, सपाट वाळवा. पावसाळ्यात खालूनही हवा लागेल अशा जाळीवर पसरा. ओलसर राहिला की बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहजी जात नाहीत.

बाळंतविड्यासाठी टोपडं विणायला घातलंय. इंचाला साडेपाच टाके, एकूण ६६. नारळाएवढंसुद्धा वाटत नाही. टाके वाढवू का?
– एक वाचक, श्रीवर्धन

नका वाढवू. नुकत्या जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण १३ ते १४ इंच असतो. टोपडं त्याहून दीडेक इंच कमी लागतं, तरच ते डोळ्यांवर येत नाही. तुमचे १२ इंच बरोबर आहेत. मात्र तिसऱ्या महिन्यापर्यंत घेर १६ इंचांच्या आसपास जातो, म्हणून दुसरं टोपडं ७८ टाक्यांचं करून ठेवा. गळ्याखाली बांधायच्या लांब नाड्या लावू नका, त्या गळ्याला आवळू शकतात. आणि आपल्या उकाड्यात घरात झोपलेल्या बाळाला टोपडं घालू नये, हे बाळंतिणीला आवर्जून सांगा.

मफलरच्या दोन्ही कडा आत वळताहेत. १० इंच रुंद, २ फूट झालाय. सगळा एक ओळ सुलट, एक ओळ उलट.
– एक वाचक, वेंगुर्ला

या विणीच्या कडा वळतातच, त्यात हाताचा दोष नाही आणि इस्त्रीने त्या बसणार नाहीत. कडेला पाच-पाच टाके कायम सुलट विणले तरी वळण थोडंच कमी होतं. इतका विणून झालाय तर उसवू नका. लांबी पूर्ण करा, दोन्ही लांब कडा एकमेकींना शिवून नळी करा आणि टोकं बंद करा. रुंदी ५ इंच राहील, पण दुहेरी झाल्याने ऊब वाढेल. रुंदी इतकी कमी व्हायला नको असेल, तर नळी न करता कडेवरून दर ४ ओळींमागे ३ टाके उचलून ६ ओळी सगळ्या सुलट विणा आणि टाके सैल हाताने बंद करा. घट्ट बंद केले तर कड चुण्या घेते.