फ्रीलान्स बारटेंडरने कार्यक्रमाच्या दिवशी घरातून निघाल्यापासून आवरेपर्यंत काय काय करायचं असतं?

हॉटेलच्या बारमध्ये काम केलंय आणि आता १०० पाहुण्यांचा, चार तासांचा पहिला कार्यक्रम स्वतंत्रपणे घेतलाय, असं तुम्ही लिहिलंय. हॉटेलात बर्फ, पाणी, सिंक, उजेड हे सगळं हाताशी असतं. कार्यक्रमाच्या जागी यातलं काहीच नसेल असं धरून निघायचं. कॉकटेल तुम्हाला येतातच. बाहेरचा बार अडतो तो बर्फावर आणि पाण्यावर, म्हणून त्याबद्दलच जास्त लिहिते.

पण आधी एक गोष्ट: १०० जणांचा बार एकट्याने घेऊ नका. बिअर, वाइन आणि साधे सोडा मिसळून द्यायचे पेग असतील तर साधारण ५० पाहुण्यांमागे एक बारटेंडर लागतो. कॉकटेल असतील तर ३५-४० मागे एक. शिवाय रिकामे ग्लास उचलायला आणि बर्फ आणून द्यायला एक मदतनीस हवाच, नाहीतर ते काम तुमच्याच अंगावर येतं आणि काउंटरपुढे रांग लागते.

हिशोब असा करा. पिणारा पाहुणा पहिल्या तासात दोन आणि पुढे दर तासाला एक ग्लास घेतो. म्हणजे चार तासांत पाच. १०० पैकी ८० जण पिणारे धरले तर ४०० ग्लास. त्यातले निम्मे ४५ मिलीचे पेग असतील तर ९ लिटर, म्हणजे ७५० मिलीच्या १२ बाटल्या. सांडलवंड धरून १४ सांगा. वाइनच्या बाटलीतून १५० मिलीचे पाच ग्लास निघतात. न पिणाऱ्यांसाठी मेहनतीने केलेली एक-दोन मॉकटेल असायलाच हवीत, फक्त सरबताचा जग ठेवून भागवू नका.

बर्फ माणशी किमान अर्धा किलो, उघड्यावर आणि उन्हात पाऊण किलो. हा झाला फक्त ग्लासात आणि शेकरमध्ये (ड्रिंक हलवून मिसळायच्या झाकणाच्या भांड्यात) जाणारा बर्फ. बाटल्या गार करायचा बर्फ वेगळा मागवायचा आणि शेवटपर्यंत वेगळाच ठेवायचा, कारण त्यात बाटल्यांच्या बाहेरची सगळी धूळ आणि लेबलांचा गोंद उतरतो. बर्फ साठवायच्या दोन्ही खोक्यांवर (आइस-बॉक्सवर) टेप लावून मार्करने लिहून ठेवा. पिण्याच्या बर्फाच्या खोक्याचं खालचं बूच उघडं ठेवून पाणी निथळू द्यायचं. पाण्यात बसलेला बर्फ शेकरमध्ये लगेच विरघळतो आणि ड्रिंक पचपचीत होतं. बाटल्यांच्या टबात याच्या उलट: अर्धा बर्फ, अर्धं पाणी आणि दोन-तीन मुठी मीठ. नुसत्या बर्फात खड्यांमध्ये हवा राहते, पाणी मात्र बाटलीला सगळीकडून चिकटतं. बाटली वीस-पंचवीस मिनिटांत गार होते. सोडा आणि टॉनिकही याच टबात ठेवा. कोमट सोड्यात वायू टिकत नाही, तो उघडताना फसफसतो आणि ग्लासात मेलेला उतरतो.

आदल्या दिवशी जागेवरच्या माणसाला फोन करून विचारा: सामान कुठल्या दाराने न्यायचं, लिफ्ट आहे का, नळ बारपासून किती लांब आहे, अंधार पडल्यावर काउंटरवर उजेड असेल का, कचरा कुठे टाकायचा. दारूचा परवाना कुणाच्या नावावर आहे हे लेखी घ्या. दारू स्वतःच्या गाडीतून नेऊ नका, यजमानाच्या नावाने थेट जागेवर उतरवायला सांगा. बऱ्याच ठिकाणी सोबत किती दारू बाळगायची यावर मर्यादा असते आणि वाटेत अडवलं तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.

पेटीत दोन शेकर, दोन जिगर (दारू मोजायची मापं), गाळण्या, मडलर (पानं-फळं चेचायचा दांडा), बारस्पून (लांब दांड्याचा चमचा), बर्फाचे दोन स्कूप, सुरी, पाट, साल काढायचं सोलणं, दोन ओपनर (एक हरवतोच), बाटल्यांचे पोअरर (तोंडाला लावायच्या, धार नीट पाडणाऱ्या तोट्या), डझनभर कोरडी फडकी, टेप, मार्कर, टॉर्च आणि बँडेज. सुरी म्यानात. पाण्याचा २० लिटरचा कॅन आणि सांडपाण्यासाठी एक बादली मी नळ शेजारी असला तरी नेते.

पाहुण्यांच्या दोन तास आधी पोहोचा. बर्फ मात्र सकाळी उतरवू नका, तुम्ही पोहोचल्यावरच येऊ द्या. आधी टेबल बघा. जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावर चार तास वाकून काम केलं की कंबर धरते. पायांखाली पक्के ठोकळे घालून ते ९० पर्यंत न्या आणि हलवून खात्री करा. मग बाटल्या टबात, ग्लास पुसून रांगेत, आणि शेवटी लिंबं. लिंबाचा रस त्याच दिवशी काढलेला हवा, आदल्या दिवशीचा कडवट लागतो. एका लिंबातून आकाराप्रमाणे २० ते ३० मिली रस निघतो, म्हणून हिशोब २० ने करा. कार्यक्रम उन्हात असेल तर रस काढून झाल्यावर हात कोपरापर्यंत साबणाने धुवा. लिंबाचा रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं की भाजल्यासारखे फोड येतात आणि डाग कित्येक आठवडे जात नाहीत.

यादीत कॉकटेल चारच ठेवा, त्यातली शेक करायची दोनच. पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात सगळे एकदम येतात, त्यासाठी मिश्रण आधी बाटल्यांत भरून ठेवा. ६० मिली दारू, ३० लिंबाचा रस, २० साखरेचा पाक असं प्रमाण असेल तर एका ग्लासाला ११० मिली मोजून बर्फावर १२ सेकंद शेक करायचं. सोडा त्यात कधीच घालायचा नाही, तो ग्लासातच. मिश्रणाची चव बाटलीतून बघू नका. कोमट असताना ते गोड लागतं आणि गार झाल्यावर आंबट. एक ग्लास पूर्ण करून चाखा.

ग्लासाने बर्फ उपसणं ही घाईत सगळ्यांच्या हातून होणारी चूक आहे. काठाचा टवका उडाला तर काचेचा तुकडा बर्फात दिसत नाही. तसं झालं किंवा खोक्याजवळ ग्लास फुटला, तर तो अख्खा बर्फ टाकून द्यायचा, कितीही रांग असो. गरम पाणी ओतून उरलेला वितळवायचा, खोकं कोरड्या कागदाने पुसायचं आणि मगच नवा भरायचा. यासाठी दहा किलोची एक पिशवी बाजूला बंद ठेवावी.

कुणाला जास्त झालीय असं वाटलं तर वाद घालू नका. आधी पाण्याचा ग्लास पुढे करा, पुढचा पेग लांबवा आणि यजमानाने नेमलेल्या माणसाला लगेच सांगा. नाही म्हणण्याचा अधिकार तुमचा आहे, हे काम ठरवतानाच लिहून घ्या. वयाची शंका आली तर ओळखपत्र मागा, सोबत घरचं मोठं माणूस असलं तरी. स्वतः एक घोटही घ्यायचा नाही.

बार बंद व्हायच्या अर्धा तास आधी यजमानाला कल्पना द्या. बंद झाल्यावर न उघडलेल्या आणि उघडलेल्या बाटल्या त्यांच्यासमोर मोजून कागदावर सही घ्या. जादा वेळ झाला असेल तर तो त्याच कागदावर नोंदवा, दुसऱ्या दिवशी कुणाला तास आठवत नाहीत. मिठाचं पाणी हिरवळीवर ओतू नका, गवत जळतं. पोअरर त्याच रात्री गरम पाण्यात भिजत टाका. लिकरसारखी गोड दारू आत सुकली की हवेची बारीक नळी बुजते आणि पुढच्या कार्यक्रमात धार अडखळत पडते.