थीम अपडेट करू की नको?

प्रश्न : आमचं साड्यांचं ऑनलाइन दुकान वूकॉमर्सवर (वर्डप्रेसमध्ये दुकान चालवणारं प्लगइन) आहे. मराठी-कन्नड दोन्ही नावं आणि कॅश ऑन डिलिव्हरीचा जादा आकार यांसाठी डेव्हलपरनं थीमच्या, म्हणजे साइटचं रूप ठरवणाऱ्या संचाच्या, मूळ फाइलींतच बदल केलेत. अपडेटची सूचना कधीची दिसतेय. बटण दाबू का? (शहापूर, बेळगाव)

आत्ता नको. अपडेटमध्ये थीमच्या फाइली नव्यानं लिहिल्या जातात, तुमचे बदल पुसले जातील. आधी तुमच्याच आवृत्तीची कोरी थीम मिळवा आणि दोन्ही ताडून कुठं काय बदललंय ते काढा. दिसण्यातले बदल चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमला हात न लावता बदल वेगळे ठेवणारी जोड-थीम) न्या. जादा आकाराचा कोड मात्र छोट्या प्लगइनमध्येच (थीमपासून वेगळा राहणारा जोड-प्रोग्राम) हवा. उद्या थीम बदलली म्हणून बिल बदलता कामा नये.

‘चाइल्ड थीम केली की सुटलात’ हे डेव्हलपरचं आवडतं वाक्य अर्धंच खरं. तिच्यात वूकॉमर्सच्या टेम्प्लेटांच्या (पानांचे साचे) नकला असतील, तर वूकॉमर्स पुढं जातं आणि नक्कल जुनीच राहते. वूकॉमर्सच्या ‘स्टेटस’ पानावर अशा जुन्या नकलांची यादी दिसते. ती बघा, मग स्टेजिंगवर (साइटची चाचणीसाठीची वेगळी प्रत) अपडेट करून एक ऑर्डर पैसे भरण्यापर्यंत नेऊन पाहा.

मुहूर्त? पितृपंधरवड्याचा पहिला आठवडा. नव्या साड्यांची खरेदी थंडावते, आणि नवरात्राआधी डागडुजीला आठवडाभर उरतो.

प्रश्न : कोल्हापुरी चपला शॉपिफायवर (ऑनलाइन दुकानं चालवणारी सेवा) विकतो. थीम अपडेट केलीच नाही तर? (अथणी)

बहुधा काही बिघडत नाही. सर्व्हर आणि चेकआउट (पैसे भरण्याचं पान) शॉपिफाय सांभाळतं. नव्या आवृत्तीत तुमच्या कामाचं काही नसेल तर खुशाल थांबा. मात्र तुमची थीम २०२१च्या ‘ऑनलाइन स्टोअर २.०’च्या (शॉपिफायची थीमची नवी रचना) आधीची असेल, तर अॅप ब्लॉकसारख्या (कोड न लिहिता अॅपचा भाग पानावर बसवणं) सोयी मिळत नाहीत. तेव्हा नवी थीमच घ्यावी. अपडेट वेगळी, अप्रकाशित प्रत म्हणून येतं, चालू दुकानाला धक्का नाही. त्या प्रतीत मापांचा तक्ता तपासा. हातानं लिहिलेला सगळा कोड आपोआप आला असेल असं धरू नका. आणि मधल्या काळात चालू थीमवर बॅनर बदललात, तर तो प्रतीतही बदलावा लागेल.

प्रश्न : कुंद्याच्या ऑर्डरी दिवाळीच्या तोंडावर वाढतात, नेमकी तेव्हाच वर्डप्रेस थीमच्या अपडेटची सूचना आलीय. (बेळगाव)

चेंजलॉग (नव्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी) वाचा. सुरक्षेची त्रुटी बुजवली असेल तर दिवाळी असो वा नसो, बॅकअप घेऊन लगेच करा. नुसते नवे स्लायडर असतील तर भाऊबीज होऊ द्या. आणि शनिवारी रात्री करू नका, डेव्हलपर फोन उचलत नाही.