लोणावळ्याला जाणार आहे. कार्ले, भाजे आणि बेडसे या बौद्ध लेण्यांत नेमकं काय आणि कसं पाहायचं?

आधी क्रम ठरवा. बेडशाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनेचं दालन, पूर्वाभिमुख आहे; भाजे आणि कार्ले पश्चिमाभिमुख. म्हणून सकाळी बेडसे, दुपारनंतर बाकीची दोन. ऊन आत शिरलेलं असताना जे दिसतं ते भलत्या वेळी टॉर्च मारूनही दिसत नाही. एकाच लेण्यापुरता वेळ असेल तर बहुतेक जण कार्ले सुचवतील. मी भाजे सुचवेन, कारण तिथे पाया कळला की पुढचं सगळं उलगडतं.

तो पाया म्हणजे लाकूड. या कारागिरांसमोर नमुना होता लाकडी इमारतींचा, आणि तोच त्यांनी बेसॉल्टमध्ये कोरला. भाज्याचं चैत्यगृह इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातलं. त्याचे साधे अष्टकोनी खांब बघा, सगळे आतल्या बाजूला झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छताचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून ते तिरके रोवावे लागतात. अखंड खडकात असा रेटा नसतोच, तरी तिरकेपणा तसाच उतरला. आता वर पाहा. गजपृष्ठाकार, म्हणजे हत्तीच्या पाठीसारख्या गोलाकार, छताला लावलेल्या कमानदार फासळ्या खऱ्या लाकडाच्या आहेत. त्या कसलाही भार पेलत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीचं लाकूड आपल्या डोक्यावर अजून शाबूत आहे, नुसत्या याच गोष्टीसाठी मान मोडेपर्यंत वर बघत राहावं! दर्शनी भागही मुळात लाकडाचाच होता. तो गेला, पण तो अडकवायला खडकात पाडलेल्या खोबण्या शोधल्यात तर सापडतील.

बुद्धमूर्ती शोधत गेलात तर भाज्यात आणि बेडशात निराश व्हाल. या काळात पूजेचं स्थान स्तूप हेच होतं. त्याचे भाग खालून वर वाचा: गोल जोतं, त्यावर अर्धगोल अंड, त्यावर चौकोनी हर्मिका आणि सर्वांत वर छत्र. खांब आणि भिंत यांच्यामधली चिंचोळी वाट प्रदक्षिणेची. तिथून एक फेरी माराच. खांबांच्या फटींतून स्तूप दर पावलाला वेगळा दिसतो.

भाज्यात चैत्यगृह बघून परत फिरू नका. दक्षिणेकडे चालत गेलात की 14 लहान स्तूपांचा समूह लागतो. काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्खूंची, नावं कोरलेली आहेत. पुढच्या विहारात, म्हणजे भिक्खूंच्या निवासाच्या लेण्यात, रथातला सूर्य आणि हत्तीवरचा इंद्र म्हणून ओळखले जाणारे देखावे आहेत. उठाव उथळ आहे, त्यामुळे समोरून झोत टाकला की सपाट दिसतं. टॉर्च बाजूने, भिंतीला जवळजवळ समांतर धरा.

बेडशात उलट, सगळी श्रीमंती ओसरीत आहे. चिंचोळ्या बोळातून आत शिरलं की जवळजवळ 25 फुटी खांब एकदम अंगावर येतात. तळाशी कलश, वर घंटेसारखं उलटं कमळ, त्यावर हत्ती-घोडे-बैल आणि त्यांच्यावर बसलेली जोडपी. नाशिकच्या आनंद शेठींचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेखही इथेच आहे. आतल्या लाकडी फासळ्या मात्र उरलेल्या नाहीत, छत उघडं आहे.

कार्ल्याला हे सगळं भव्य होतं: सुमारे 124 फूट लांबी, 45 फूट रुंदी, 37 खांब. इथले खांब सरळ उभे आहेत. दोन्ही बाजूंच्या रांगांत ते नक्षीदार आहेत, स्तूपामागचे सात मात्र साधे. फासळ्या आहेतच, पण स्तूपावरचं लाकडी छत्रही टिकलं आहे. बाहेरून आल्यावर पाच-दहा मिनिटं नुसतं बसा. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय ते दिसत नाही, आणि बरेच जण त्याआधीच बाहेर पडतात. खांबांवरच्या लेखांत धेनुकाकट या गावच्या यवन (म्हणजे ग्रीक) दात्यांची नावं आहेत. ओसरीतल्या बुद्धमूर्ती नंतरच्या शतकांतल्या आहेत. त्यांच्यासाठी जुनी कठड्याची नक्षी कुठे तासली आहे ते नीट बघितलंत तर कळतं. ओसरीतली जोडपी मात्र मूळची, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या सर्वोत्तम शिल्पांपैकी. वैजयंतीच्या भूतपाल शेठींनी आपल्या लेखात या शैलगृहाला जंबुद्वीपात, म्हणजे भारतात, उत्तम म्हटलं आहे, आणि ते मला पटतं.

चैत्यगृहाच्या दारातच एकवीरा आईचं देऊळ आहे. रविवारी, नवरात्रात आणि चैत्रातल्या यात्रेला तिथे भाविकांची रीघ असते. लेणं निवांत बघायचं असेल तर मधला वार निवडा.